खुणा पुसलेली नावं

३ मार्च, सोमवार
ओळखपत्र कार्यालयात रुजू झालो. खिडकीजवळचं टेबल मिळालं. हेडक्लार्क बाई बोलायला मोकळ्या; म्हणाल्या, खुर्ची जपून, ती नवी माणसं पाडते. काम सोपं आहे. साऱ्या शहराचे फोटो जुन्या संगणकातून नव्यात न्यायचे. प्रत्येक फाइलला माणसाचं नाव. इथल्या नावांत अक्षरांच्या डोक्यावर तिरक्या रेघा, टिंबं, टोप्या असतात आणि नवा संगणक त्यांच्यापाशी अडतो. त्या खुणा काढणारा प्रोग्राम संध्याकाळपर्यंत लिहिला. आधी सगळ्याची कॉपी घेतलीस ना, असं बाईंनी विचारलं. हो म्हणालो. घेतली नव्हती. कशी घेतात ते विचारलं असतं, तर कोर्स अर्धवट सोडल्याचं उघडं पडलं असतं.

४ मार्च, मंगळवार
निम्मे फोटो नेले. मोजले, तर एकोणीस कमी. दोन नावांत एका टिंबाचाच फरक असेल, तर टिंब गेल्यावर नाव एकच उरतं. मग दुसरा फोटो पहिल्यावर चढतो आणि पहिला कायमचा जातो. तपासणीची एक ओळ लिहायला हवी होती. बाईंनी पाठ थोपटली. माझे कान तापले. त्या एकोणीस नावांची यादी खणात सारली.

५ मार्च, बुधवार
खिडकीशी दोन बायका आल्या. चेहरा एकच, हनुवटीवरच्या तिळासकट. बाईंनी हसून विचारलं, जुळ्या का गं? दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या. एक रडत होती. कालपासून तिचं बाळ तिच्याकडे येत नाही. तिचं नाव माझ्या एकोणिसांत आहे. मी मान खाली घालून टाइप करत राहिलो.

६ मार्च
उरलेले फोटो आज न्यायचे होते. थांबवायचं, तर कारण सांगावं लागणार. बाई मागेच उभ्या. म्हणाल्या, दाब की रे, बटण काही चावत नाही.
दाबलं.
यादी नंतर पाहिली. बाईंची लेक, वय आठ. तिच्या फोटोवर चढलेली म्हातारी, वय ब्याऐंशी.

७ मार्च
बाई लेकीला घेऊन आल्यात. गणवेश, दोन वेण्या. वेण्यांच्या मधे —
फोटो उघडून काय झालंय ते बाईंनीच ओळखलं. रागावल्या नाहीत. लेकीची समजूत घालतायत, दादाकडे कॉपी आहे, दादा आत्ता —
खुर्ची ओढून शेजारी बसल्यात. मी लिहितोय, ते त्यांना काम वाटतंय.
पोरीनं माझा हात धरलाय. बोळक्या तोंडानं विचारते, झालं का दादा?
सांगतो. एवढी ओळ झाली की सांग