सड्यावरची माशी

२ ऑक्टोबर २०२४
ग्रामसभेत गावाची जैवविविधता नोंदवही वाटली. मधमाश्यांचं प्रकरण प्रा. दीपेश मयेकर यांचं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत: 'चहापाण्याबद्दल श्री. काशीराम शितप यांचे आभार.'
वर्षभर हा माझ्या पडवीत बसून मला माश्यांबद्दल विचारत होता. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्याचं झालं चहापाणी. आठवीत याला बेडूक काढता येत नव्हता, मी बारा मार्क दिले होते. दहाच द्यायला हवे होते.
सूड घेणार. यापुढे दीपेशला या घरात चहा नाही.

३ ऑक्टोबर
पान ४१ वर दुष्मनाचं मर्म सापडलं. 'सड्यावर मधमाश्या पावसाळ्यानंतर सर्वाधिक. फेब्रुवारीनंतर जवळपास दिसत नाहीत.'
दिसत नाहीत म्हणजे याला दिसत नाहीत. मी मे महिन्यापर्यंत सर्व्हे करून दाखवतो. रोज सकाळी सहाला गावावरच्या कातळपठारावर, सड्यावर.

४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०
उशिरा जाग आली. माश्याही उन्हं आल्यावरच निघतात, म्हणजे वेळ शास्त्रीयदृष्ट्या योग्यच. पण नाश्ता व्हायचा होता. उद्यापासून.

११ ऑक्टोबर
सडा गाठला. तेरड्यावर सातेरी माश्याच माश्या. मोजताना एकशे दहाच्या पुढे चुकलो. हे दीपेशच्या बाजूचं असल्यामुळे पुन्हा मोजलं नाही.

१९ ऑक्टोबर
कड्यावरच्या आग्यामाशीच्या पोळ्याचा जवळून अभ्यास केला. वरचा ओठ सुजला. हिने विचारलं, हे सगळं कोणासाठी. दीपेश म्हणायला गेलो, 'बीपेश' आलं. ही पदर तोंडाला लावून आत गेली. हेही त्याच्या खात्यावर.

१४ जानेवारी २०२५
मध्यंतरी गुडघा, दिवाळी आणि पुतणीचं लग्न यामुळे डेटात थोडी गॅप. आज सडा गाठला. गवत वाळलेलं, माश्या तीन. बाकीच्या खाली आंब्याच्या मोहरावर. फितूर.

२० फेब्रुवारी
ऊन फार. मोठे शास्त्रज्ञ स्वतः मोजत नाहीत, फील्ड असिस्टंट ठेवतात. भागूबाईला नेमली. ती आरे-वाऱ्याच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कडेवर, मासळी सुकवते. तिथे रोज असतेच. तिला कॅलेंडर दिलं आणि सांगितलं, रोज दहा वाजता हातभर जागेतल्या माश्या मोजून तारखेखाली आकडा लिही. ती म्हणाली, माश्या मोजून काय करताव? म्हटलं, संशोधन. तिने पदराने घाम पुसला आणि बरा म्हणाली. अडाणी, पण आज्ञाधारक.

३१ मार्च
कॅलेंडर आलं. पहिल्या आठवड्यात रोज साठ. मग एकशे चाळीस. काल दोनशे बारा. मार्चमध्ये. हातभर जागेत. पान ४१ वर लाल पेनाने फुली मारली. ही म्हणाली, एकदा जाऊन बघून या. संशोधकाने आपल्या माणसावर विश्वास टाकावा लागतो, हे हिला कोण सांगणार.

२८ एप्रिल
भाषण पाठ. तीन दिवसांनी ग्रामसभा. शेवटचं वाक्य: 'मयेकर, बारा मार्क.' आरशासमोर चार वेळा म्हटलं. छान बसतंय.

१ मे, दुपारी
आकडे वाचले. दीपेशने नम्रपणे विचारलं (त्याचा नम्रपणा मला पहिल्यापासून सहन होत नाही), सर, या कुठल्या फुलांवर होत्या? मी भागूबाईकडे हात केला. ती उठून म्हणाली, फुलां खयली? सुकत घातलेल्या मांदेलीवर. तुमी माशी बोललाव, मी माशी मोजली.
मग स्वतःहूनच पुढे म्हणाली, मधाची माशी उन्हात सड्यावर कशाला मरंल? ती खाली व्हाळात, पाण्याकडंला, जांभळीच्या फुलावर. आमच्या म्हातारीपासून ठावक हाय.
सभा हसायची थांबेना. दीपेश मात्र हसला नाही. खाली मान घालून लिहीत होता. त्याने हसायला हवं होतं, मला बरं पडलं असतं.
शेवटचं वाक्य म्हणायचं राहिलं.

२ मे
मराठी भाषेत माशी हा शब्द एकच ठेवणारांचा दोष. भागूबाईला कामावरून कमी केलं. तिला ते कळवायला ही तयार नाही.

१९ मे, संध्याकाळी ५
नोंदवहीची सुधारित आवृत्ती निघाली. नवा परिच्छेद: 'उन्हाळ्यात सड्यावरची मधमाशी व्हाळात उतरते. माहिती: भागूबाई.' आज तिचा शाळेत सत्कार. ही नवी साडी नेसून तिकडे गेलेली.
घरात मी एकटा आणि दारात दीपेश. म्हणाला, सर, तुमची प्रत मुद्दाम स्वतः द्यायला आलो. शेवटचं पान उघडलं. चहापाण्याची ओळ होती तशीच आहे.
तो पडवीत त्याच्या नेहमीच्या जागी बसला. मग मी आत जाऊन चहा केला. साखर मुद्दाम अजिबात घातली नाही.
एक घोट घेऊन म्हणाला, सर, तुमच्या लक्षात आहे. मला शुगर निघाली हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.