आधी तू बस, मग तो जेवेल

आई, मी कुत्रा आणलाय. म्हातारा आहे. तू असतीस तर आधी त्याला उंबऱ्याबाहेर बसवलं असतंस आणि मग विचारलं असतंस, "ह्याचं कोण करणार हाय, मीच का?" तो आता तुझ्या ओट्याखाली झोपलाय. एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून त्याचं पोट हलतंय का ते बघून आलो.

पेठेतल्या एका आजोबांचा तो. मी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो, म्हणून त्यांच्याकडे जाणं व्हायचं. तू गेलीस त्या वर्षी माझी दहावी राहिली ती राहिलीच, पण बिलावरचं माझं अक्षर बघून ते म्हणायचे, "कंपनीत तुम्ही एकटेच शिकलेले दिसता." मध्यंतरी ते वारले. फिल्टर काढून न्यायला त्यांच्या मुलाने मला बोलावलं, तेव्हा हा दाराशी बसलेला होता. मुलगा खराडीला राहतो, बायकोला कुत्र्याच्या केसांचा त्रास. म्हणाला, "इतका म्हातारा कुणी नेत नाही हो." मी म्हणालो, "मी नेतो." चप्पल घ्यायची तरी मी चार दुकानं फिरतो, आणि हे असं बोलून बसलो.

वाघोलीला आणल्यापासून तो खाईना. दहीभात, अंडं, पिशवीतलं महागाचं खाणं, सगळं करून झालं. वाटीकडे बघायचा आणि मान वळवायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, दात आणि पोट ठीक आहे, पण असंच चाललं तर या वयात टिकणार नाही. मी वाटीची जागा बदलली, भात कुस्करून त्याच्या ओठाला लावला. कामावर असताना सारखं वाटायचं, आत्ता गेला असेल. मुलाचा फोन आला, "जमत नसेल तर सांगा, बघू काहीतरी." काहीतरी म्हणजे काय, ते विचारायचा धीर झाला नाही.

काल स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो असताना एकदम आठवलं. एकदा मी आजोबांकडे ऐन जेवणाच्या वेळी पोचलो होतो. ते पाटावर, पुढ्यात ताट, ताटापलीकडे हा. "बसा, आमचं दोघांचं होऊ द्या," ते म्हणाले. ते जेवायला लागले, तेव्हा कुठे याने वाटीला तोंड लावलं.

आणि आपल्या घरात जेवायला बसतं कोण? तू असतानाही मी उभ्यानेच खायचो, तू गेल्यापासून तर ओट्याशीच, पातेल्यातून खातो. "बस की खाली. कुणी हाकलतंय का तुला?" असं तू म्हणायचीस. मला वाटतं, बसलं की काहीतरी करायचं राहून जाईल.

काल पिठलं-भात केला, ताट वाढून घेतलं, त्याची वाटी ताटापलीकडे ठेवली आणि फरशीवर मांडी घातली. पिठल्यात मीठ जास्त पडलं होतं. मी खाली बघून जेवत राहिलो. तो उठला, मागचे पाय सांभाळत आला आणि समोर बसला. थोड्या वेळाने वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. ओट्यावर फोन वाजत होता. मी वाजू दिला.

नंतर मुलाला कळवलं, "जमतंय." तो म्हणाला, "वाचवलंत."

हे पाठवायचं कुठे, म्हणून घडी करून ठेवतो. पण एक सांगायचं राहिलं. तो जेवून तिथेच झोपला, त्यानंतरही मी उठलो नाही. शेजारी ठेवलेल्या पातेल्यातून दुसऱ्यांदा भात घेतला. मला भूक लागली होती.