पिलर नंबर नऊचं सॉकेट

१९ मार्च, पाडवा. सकाळी ११.
गाडी आली! प्लग-इन हायब्रिड. सेकंडहँड आहे, पण आमच्या अख्ख्या बेसा एरियात दुसरी दाखवा. रोजचं ऑफिस बॅटरीवर, लांबचा प्रवास पेट्रोलवर. आधीचा मालक डॉक्टर, वस्तू जपणारा माणूस. चार्जिंगची केबल अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये सीलबंद! मिनल म्हणाली, लग्नात माझ्याकडे इतकं निरखून नव्हतं पाहिलं.
संकल्प: रोज चार्ज. रोज म्हणजे रोज.

तोच दिवस. संध्याकाळी ७.
कात्री सापडली नाही. सील दातांनी फोडणं बरं दिसत नाही. उद्या.

२२ मार्च, रविवार.
सोसायटीची मीटिंग. जिंकलो! पार्किंगमध्ये चार्जिंगजोगं एकच सॉकेट, पिलर नंबर नऊवर. तिसऱ्या मजल्यावरच्या पुष्पलताताईंना पण तेच हवं होतं. त्यांचा डब्यांचा बिझनेस आहे, ई-स्कूटीवर सव्वीस डबे पोचवतात. सध्या बॅटरी काढून जिन्याने वर घरी नेतात. मी एक्केचाळीस स्लाइड्स नेल्या होत्या. क्लायमेट, कार्बन, फ्यूचर. नवव्या स्लाइडला अध्यक्ष रुपराव काका म्हणाले, बस कर गा, समजलं. ताई इतकंच म्हणाल्या, बावा, मले फक्त प्लग पाहिजे. व्हिजन नाही.
काका वीज खात्यातून रिटायर. त्यांचा निकाल: तीन महिने सॉकेट याचं. वेगळं मीटर बसवतो. २१ जूनले समद्यांसमोर पाहू. वापरलं तर याचं कायमचं, नाही तर ताईचं.
मला काय टेन्शन? डेटा बोलेल.

२५ मार्च.
सॉकेटवर पेटी बसवली, कुलूप लावलं. चावी नत्थू वॉचमनकडे. त्याला स्ट्रिक्टली सांगितलं, पुष्पलताताईंची स्कूटी जवळ यायला नको. तो म्हणाला, कोणालेच हात लावू देत नाही साहेब, माह्यावर सोडा. असा लॉयल माणूस मिळत नाही आजकाल.
चार्जिंग: माझं पार्किंग चौदा, पिलर नऊ. गाडी हलवावी लागेल. शनिवारी निवांत.

४ एप्रिल, शनिवार.
पेट्रोल भरलं. हायब्रिडला पेट्रोल पण लागतं, लोकांना हे माहीत नसतं.

११ एप्रिल.
खाप्याला सासरी गेलो. सासरेबुवांना राइड दिली. म्हटलं, बाबा, ऐका, काही आवाज येतो का? ते म्हणाले, येऊन राहिला न, माह्या डिझेल पंपासारखा. म्हटलं, तो एसीचा. परत येताना इंजिन चढावर जरा ओरडलं. म्हटलं, तो पण एसीचा.
सासरेबुवा अंगणात वायर काढून द्यायला निघाले होते. लावा न जावईबापू, रातभर राहू द्या. मी नको म्हटलं. गावच्या व्होल्टेजवर भरोसा नाही. मिनलने विचारलं, बेसाच्या व्होल्टेजवर आहे का? टोमणा होता बहुतेक.

२८ एप्रिल.
पंचेचाळीस डिग्री. वाचलं की इतक्या गर्मीत चार्ज करणं म्हणजे बॅटरीवर अत्याचार. म्हणून उन्हाळाभर तिला रेस्ट द्यायचा निर्णय. तशी ती मार्चपासून शून्यावरच आहे, म्हणजे रेस्ट चांगला होऊन राहिला.
पेट्रोल. काचेवर स्टिकर लावलं: मी इलेक्ट्रिक आहे.

६ मे.
सहज मीटर पाहिलं. शहाण्णव युनिट! आधी दचकलो. मग शांत डोक्याने विचार केला. नवीन मीटर थोडं स्वतःहून फिरत असेल. याला स्टँडबाय म्हणतात बहुतेक. आणि सॉकेट माझं म्हटल्यावर युनिट पण माझेच. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: ९६ युनिट क्लीन एनर्जी. रुपराव काकांनी अंगठा पाठवला.
नत्थूच्या केबिनमध्ये पाच मिनिटं टेकलो. काय गारवा! कूलर घेतला म्हणे त्याने, खसची ताटी वगैरे. बरं वाटलं. आपल्या सोसायटीत माणूस सुखात आहे.

२५ मे. नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस.
लिफ्ट बंद. जिन्यात पुष्पलताताई भेटल्या, हातात बॅटरी, चेहरा लाल. म्हणाल्या, बावा, तुही गाडी भरली की तासभर मले देत जाशील का? मी समजावलं की मग माझा डेटा कंटॅमिनेट होईल. वर टिप दिली, उचलताना कंबर नाही, गुडघे वाकवायचे. त्या म्हणाल्या, दाखव बरं वाकवून.
पहिल्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत बॅटरी मी नेली. मग मला फोन आला. म्हणजे यायलाच पाहिजे होता.
रात्री चमचा डाव्या हाताने धरला. डबे पण त्याच उचलतात, सव्वीस. हे स्लाइडमध्ये नव्हतं.

१४ जून.
मिनल म्हणते, सात दिवस राहिले, मीटिंगमध्ये काय दाखवशील? म्हटलं, रीडिंग. ती म्हणाली, आणि गाडी? मग उठून ड्रॉवरमधून कात्री काढली आणि माझ्यासमोर ठेवली. ड्रॉवरमध्येच होती इतके दिवस.
उद्या पक्कं. आज सील फोडलं तर उद्याची एक्साइटमेंट जाईल.

२१ जून, रविवार. दुपारी १.
थोडक्यात लिहितो.
रीडिंग दोनशे त्रेचाळीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई पण. मी दोन शब्द बोललो. दहा मिनिटं. ताई उठून निघाल्या होत्या, डब्यांची वेळ झाली म्हणून.
तेवढ्यात रुपराव काका म्हणाले, लावून दाखव गा एकदा, पोरंसोरं पाहतील. मी केबल आणली. प्लास्टिकमध्ये. काकांनी विचारलं, हे असं काहून? म्हटलं, जपतो मी. मिनलने पर्समधून कात्री काढली.
पेटी उघडली तर सॉकेटमध्ये आधीच एक प्लग. वायर मागून नत्थूच्या केबिनमध्ये गेलेली. मी प्लग काढला. तिकडे कूलर घुर्रर्र करून बंद झाला. नत्थू धावत आला. म्हणाला, साहेब, तुमी तं लावतच नव्हते न जी! म्हटलं कायले रिकामं ठेवा.
मी घाईत गाडीचा प्लग लावला. निदान गाडी तरी बोलेल म्हटलं. बोलली. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं: पहिल्या चार्जिंगबद्दल अभिनंदन. तेही म्युझिकसकट.
काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग चावी ताईंच्या हातात दिली. त्यानंतर अर्धा तास नत्थूच्या कूलरवर वाद झाला. त्यात माझं नाव कोणी घेतलं नाही, हे जास्त लागलं.
ताई जाताना म्हणाल्या, दुपारी बारा ते दोन माही स्कूटी बाहेर राहते, लावत जा बावा. गुडघे वाकवून.

२२ जून, सोमवार.
त्या अर्ध्या तासाच्या वादात गाडी थोडी चार्ज झाली होती. सकाळी बटण दाबलं, काहीच झालं नाही. वाटलं, बिघडली. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला तर गाडी चालून राहिली! आवाज नाही. खरंच नाही. झाडावरचे पक्षी ऐकू येत होते. तीन महिने सगळ्यांना सांगत होतो, मलाच माहीत नव्हतं ती इतकी शांत असते.
पेट्रोल पंपापर्यंत तशीच गेली.
पंपावरच्या काकांनी विचारलं, काय झालं जी, धक्का मारून आणली काय?