निळ्या डब्यातलं तेल

सोमवार, ३ नोव्हेंबर

चढली नाही! ह्यांची मोटरसायकल आयुष्यात पहिल्यांदा टेकडी चढली नाही. भिंगरी अर्ध्या चढावरून ढकलत घरी आली. (भिंगरी म्हणजे माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून नाव मीच ठेवलं.) म्हणाली, "आजी, इंजिन नुसतं बोंबलतं, चाकापर्यंत काही पोचतच नाही." मी म्हटलं, अगदी तुझ्या बापावर गेलीय! हसली तरी.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. येत्या सोमवारी तिला टेकडीवरच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रात कामावर हजर व्हायचंय. सकाळी सहाला! त्या वेळी बस नाही, आणि तिच्या बापाची, म्हणजे माझ्या मुलाची, ड्यूटी गावाच्या दुसऱ्या टोकाला. वेळेवर गेली नाही तर जागा दुसरीला.

मुलगा जेवताना म्हणाला, "चाळीस वर्षांची गाडी आई, भंगारात देऊ. नोकऱ्या काय, मिळतील." भिंगरीने अर्धी भाकरी तशीच ठेवली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मिस्त्री आले. ह्यांच्या वेळेपासूनचे, आता कानाने कमी ऐकतात, पण इंजिनाचं सगळं ऐकू येतं! आधी केबल बघितली. ती फार ताणलेली असली, तर तेवढ्यानेही क्लच घसरतो म्हणे. दांडीला हवी तेवढी ढील होती. मग रस्त्यावर नेऊन वरच्या गिअरमध्ये हळू चालवली आणि मूठ एकदम पिळली. आवाज वाढला, वेग तोच! "क्लच घसरतोय. प्लेटा बघायला हव्यात."

मी विचारलं, क्लच म्हणजे काय हो? माझी चौथी सुद्धा पुरी झालेली नाही, पण विचारायला काय जातंय? म्हणाले, "आजीबाई, तळहातावर तळहात घट्ट दाबा. आता एक फिरवा. दुसरा बरोबर फिरला ना? तोच क्लच." किती सोपं! माझ्या शिलाई मशीनचा पट्टा ढिला झाला की चाक फिरायचं आणि सुई जागच्या जागी — तसंच हे. त्या मशीनवर मी भिंगरीची पहिली झबली शिवली. असो.

ह्या गाडीवरून हे त्याच टेकडीवर पडले होते, तिसऱ्या वळणावर. मुलगा मागे बसलेला, दहा वर्षांचा. त्याला खरचटलंही नाही, ह्यांचा पाय मोडला. हे तर महिन्याभरात परत गाडीवर! मुलगा मात्र पुन्हा कधी तिच्यावर बसला नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अंगणात वर्तमानपत्रं पसरून क्लच उघडला. प्लेटा भाकरीसारख्या एकावर एक! मिस्त्रींनी एकेक मापली. झिजलेल्या नाहीत, जळलेल्या नाहीत. स्प्रिंगही ठणठणीत. मिस्त्री डोकं खाजवत बसले. "मग घसरतात का?" मी चहा दिला. दुसरा दिला. दोन्ही पिऊन घरी गेले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मिस्त्री आले नाहीत. भिंगरी उघड्या क्लचपाशीच बसून. मुलगाच तेवढा शीळ घालत होता — का कोण जाणे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कुठे तोंड लपवू!

मिस्त्री सकाळीच आले. इंजिनातलं तेल बोटांवर घेतलं, चोळलं, हुंगलं. "हे कुणी घातलं?"

भिंगरी म्हणाली, मी नाही. मी घातलं! महिन्यापूर्वी. हे गेल्यापासून गाडी मीच पुसते. तेल मोजायच्या कांडीवर ते खालच्या खुणेच्याही खाली दिसलं. फळीवर मुलाच्या मोटारीच्या तेलाचा निळा डबा होता. म्हटलं, एवढ्या मोठ्या मोटारीला चालतं, तर हिला का नाही! चांगल्यातलं चांगलं म्हणून प्रेमाने ओतलं हो.

सांगून टाकलं. मिस्त्री असे हसले की चष्मा पडला! "आजीबाई, मोटारीचा क्लच कोरडा असतो. ह्या गाडीचा इंजिनाच्याच तेलात बुडालेला. मोटारीच्या तेलात निसरडेपणाचं औषध असतं. तुम्ही पैलवानाच्या तळहाताला लोणी लावलंत!"

भिंगरीने मला मिठी मारली. काळ्या हातांनी! पातळाची पार वाट. जाऊ दे.

सगळं तेल काढलं, प्लेटा धुतल्या, मोटरसायकलचं तेल आणून त्यात भिजत घातल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

चढली!! वरून भिंगरीने फोन केला, नुसती ओरडत होती. मी अंगणात एकटीच टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, "बरं झालं," आणि आत गेला.

सोमवार, १० नोव्हेंबर

भिंगरी साडेपाचला गेली. तिच्या मागोमाग मुलाची मोटारही टेकडीकडे वळली. ड्यूटी दुसऱ्या टोकाला असून! तासाभराने परत आला, माझ्यासमोर बसला. म्हणाला, "आई, गाडी चढली नाही त्याच दिवशी मला निळा डबा रिकामा दिसला. तेल कुठे गेलं ते तेव्हाच कळलं होतं."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस रे?

"वाटलं, न चढलेलीच बरी."

मी चहा पुढे सरकवला. विचारलं, मग आज? चढली ना नीट?

"ती चढली. तिसऱ्या वळणावर मलाच थांबावं लागलं."