लिफ्टमधली पाटी

दिनां (बेल्जियम), ११ फेब्रुवारी २००३

चि. ओदील हिस,
अ. उ. आ. वि. वि.

अंत्यविधीच्या दिवशी तुझ्याशी धड चार शब्द बोललो नाही, ते मनात ठेवू नकोस. माणसं पुष्कळ होती आणि मला कोणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. तुझ्या लेओनीवहिनीच्या बहिणी परवा गेल्या. जाताना तिचे कपडे आवरून देतो म्हणत होत्या, मी नको म्हटलं. आता घरात मी आणि मांजर. ते तिच्या खुर्चीवर बसतं आणि मी त्याला उठवत नाही. मला कॉफी करता येते असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता कळलं की मी ती फक्त कपात ओतत होतो.

आता कामाचं. वकीलबाई म्हणतात, खटला संपेपर्यंत तुला पत्र लिहू नये, कारण तू त्या इमारतीतली घरमालक, म्हणजे समोरच्या बाजूची. मी म्हटलं, बाबांनी फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर ठेवलाय, मग मीही समोरच्या बाजूचा का? त्या हसल्या नाहीत. असो, बहिणीला पत्र लिहायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

विमा कंपनीचं म्हणणं असं. लिफ्टला आतून दार नाही हे खरं, पण सामान भिंतीपासून लांब धरा अशी पाटी आत लावलेली होती. लेओनीनं तिकडे दुर्लक्ष केलं आणि चाकांची पिशवी उघड्या बाजूला उभी केली. लिफ्ट वर जाताना चाक बाहेरच्या भिंतीच्या कडेला अडकलं, पिशवी उलटली आणि लेओनी पिशवी नि लिफ्टच्या मागच्या बाजूमध्ये चिरडली गेली. तेव्हा निम्मा दोष तिचाच. पैसे निम्मे करा, शून्य करा, माझी हरकत नाही. पण तिचा दोष असं कोर्टाच्या कागदावर लिहिलं जाणार, ते मला सोसवत नाही. रिकाम्या रस्त्यावरही दिवा हिरवा होईपर्यंत थांबणारी बाई ती. मी पुढे गेलो तर माझ्या कोटाला धरून मागे ओढायची.

तू त्या लिफ्टनं रोज जातेस-येतेस. मला एवढंच सांग, पाटी तिथे होती का?

गुडघ्याला जप. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा
लांबेर

ब्रसेल्स, १९ फेब्रुवारी २००३

ती. लांबेरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मांजराला बसू दे त्या खुर्चीवर. आणि वहिनी कॉफीत चिमूटभर चिकोरी घालायची, ती निळ्या डब्यात असते. डब्यावर मिठाचं चित्र आहे, त्याला फसू नकोस.

लिफ्टला नगरपालिकेनं सील ठोकलंय. पाचव्या मजल्यावरून या गुडघ्यानं उतरायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, म्हणून मी उतरतच नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एव्रार एक दिवसाआड पाव, दूध, बटाटे आणून देतात. आमच्या घरमालकांच्या सभेचे अध्यक्ष आणि सत्तरी उलटलेला माणूस, पण पिशव्या घेऊन चढतात बिचारे, दर मजल्यावर थांबत. सामान ठेवून लगेच निघत नाहीत, पत्त्यांचा एक डाव खेळून जातात. हरले की पत्ते जुने झालेत म्हणतात. काल वाटाण्याचं सूप आणलं होतं. त्यांच्याशिवाय माझ्या दाराची घंटा कोणी वाजवत नाही.

वहिनीला ती लिफ्ट कधीच आवडली नाही. नवीन वर्षाच्या जेवणालाही ती जिन्यानंच निघाली होती. मीच वरून ओरडले की एवढं ओझं घेऊन चढू नकोस, लिफ्टनं ये. दादा, ते माझं ओरडणं अजून कानांतून जात नाही.

तू विचारलंस त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज हात फार दुखतोय.

लोभ असू दे, मला त्याची गरज आहे.

तुझी
ओदील

दिनां, ३ मार्च २००३

ओदील,

पाव, दूध, बटाटे सगळं कळलं. सूपही कळलं. मी एकच प्रश्न विचारला होता.

वकीलबाईंनी काल एव्रारांचा जबाब दाखवला. पाटी कायम जागेवर होती, असं त्यांनी सांगितलंय. तुझा हात का दुखतो ते मला समजतं. लहानपणी काही लपवायचं असलं की तुझं पोट दुखायचं.

लेओनी इस्पितळात एकदाच नीट शुद्धीवर आली. तेव्हा म्हणाली, ओदीलसाठी आणलेली मधाची बिस्किटं पिशवीत मोडली असतील, तिला सांगा, वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं. तिला आपल्या दुखण्याचं नव्हतं, तुझ्या बिस्किटांचं होतं.

तुझं उत्तर येईपर्यंत मी लिहिणार नाही. लोभाचं तूच ठरव.

लांबेर

ब्रसेल्स, २१ मे २००४

ती. दादास,
सा. न.

काल कोर्टात जाऊन साक्ष दिली. वकीलबाईंनी कळवलं असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. पाटी नव्हती.

अपघाताच्या आधीच्या सप्टेंबरातली गोष्ट. त्या महिन्यात जुन्या इमारती लोकांना बघायला उघड्या ठेवतात ना, तेव्हा आमची लिफ्टही दाखवायची ठरली. आम्ही तिचं अक्रोडाचं लाकूड चमकवलं, पितळ घासलं, आणि फोटोत वाईट दिसते म्हणून पाटी काढली. एव्रार स्क्रू काढत होते आणि मी खाली बशी धरून उभी होते. लोकांनी इतकं कौतुक केलं की आम्ही सगळे हवेत होतो, आणि पाटी परत लावायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही. वहिनीला इस्पितळात नेलं त्याच्या दुसऱ्या सकाळी, तपासनीस यायच्या आधी, ती जागेवर होती. एव्रारांनी लावली. म्हणाले, आणखी कोणाला लागायला नको. ते तेव्हा खरंच बोलत होते असं मी अजूनही मानते. पण मग ते पाटी कायम होती म्हणायला लागले, आणि मी त्यांच्या हातचं सूप पीत राहिले.

काल जिन्यावर बसत बसत उतरले. तिसऱ्या मजल्यावर एव्रारांचं दार उघडलं. माझी अवस्था बघून त्यांनी हात दिला, कुठे चाललीस ते विचारलं नाही. थोडं उतरल्यावर मीच सांगितलं की मी पाटीचं खरं सांगणार आहे. ते थांबले. मला वाटलं, इथेच सोडून वर जाणार. पण त्यांनी मला खालपर्यंत आणलं, टॅक्सीत बसवलं, कोटाचं टोक आत सारून दार लावलं. मी परत आले तेव्हा त्यांचं दार बंद होतं. जिन्यात कोणी माझ्याशी बोललं नाही.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, इतके दिवस गप्प का राहिलात. मी म्हटलं, माझ्या घरी येणारं तेवढं एकच माणूस होतं. त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही.

बिस्किटं सगळी मोडली नव्हती, दादा. एक अख्खं राहिलं होतं. ते मी ठेवलंय.

लोभाचं मी ठरवलं होतं, पहिल्या दिवसापासून. तो तुझ्याकडेच आहे.

तुझी
ओदील

दिनां, १४ ऑक्टोबर २००५

चि. ओदील हिस,
अ. उ. आ.

तुझ्या साक्षीनंतर मी दोन ओळी पाठवल्या, त्यापुढे हात चालला नाही. मनात राग होता. तू पाटी काढताना बशी धरलीस, तू लिफ्टनं ये म्हणालीस, वर इतके दिवस गप्प बसलीस. खोटं कशाला सांगू, मी कोर्टाच्या आधीच तुझा निकाल लावून मोकळा झालो होतो.

आज खरा निकाल आला. मृत महिलेचा कोणताही दोष नाही, असं स्वच्छ लिहिलंय. स्वयंपाकघरात उभ्यानं मोठ्यानं वाचलं, तर मांजर घाबरून पळालं.

मग त्याच्या पुढचं वाक्य वाचलं. लिफ्टला आतून दार बसवा, असं तपासनीसानं अपघाताच्या कितीतरी आधी बजावलं होतं. ते घरमालकांनी एकमतानं पुढे ढकलल्यामुळे हा मृत्यू ओढवला. एकमतानं. त्यात आपला फ्लॅटही आला. माझं मत दरवर्षी तूच द्यायचीस, पण त्या वर्षी मी मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, आठवतं? बाबांच्या वेळची लिफ्ट विद्रूप करू देऊ नकोस, नको म्हणून हात वर कर. लेओनी शेजारी ताटल्या पुसत होती. म्हणाली, त्या लाकडी पेटीची मला भीती वाटते. मी हसलो होतो गं.

पाटी असती तरी दार नव्हतंच, आणि दार नको मी म्हटलं होतं. मी ज्याला शोधत होतो तो मीच निघालो.

दुपारी तिच्या कबरीवर गेलो. पहिलं वाक्य तिला वाचून दाखवलं. दुसरं वाचलं नाही. कागद घडी करून परत आलो.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस. आता दुसरीकडून यायचा राहिला नाही.

तुझा
लांबेरदादा

ब्रसेल्स, २० ऑक्टोबर २००५

ती. लांबेरदादास,
कृ. सा. न. वि. वि.

फोन तू केला होतास, पण सभेत हात माझा वर गेला होता, आणि तुझ्या सांगण्याशिवायही गेला असता. मलाही ती लिफ्ट फार आवडायची. तेव्हा ते वाक्य एकट्यानं घेऊन बसू नकोस.

काल घंटा वाजली. एव्रार होते, दीड वर्षानं. निकाल त्यांच्याही हातात होता. आत या म्हटलं तरी आले नाहीत. सर्वसंतांच्या दिवशी सगळे कबरींवर फुलं नेतात, तेव्हा वहिनीला शेवंती घेऊन जाशील, तर मी खाली उतरवून देतो, म्हणाले. मग विचारलं, मला कबरीपर्यंत येता येईल का. मी म्हटलं, दादाला विचारून सांगते. बायको तुझी, तेव्हा शब्द तुझा. तू नको म्हणालास तर मी एकटी येईन, पण येणार हे नक्की. उतरायला सकाळ गेली तर जाऊ दे.

तिथे गेल्यावर पहिलं वाक्य तू पुन्हा वाच. तिला ते कितीही वेळा ऐकायला आवडेल. दुसरं मी वाचीन.

येईपर्यंत लोभ सांभाळून ठेव.

तुझी
ओदील