घड्याळं बनवणारी पोर

आये, आज आमची चिप गरम करून पाहिली आणि ती गप्प राहिली. एवढ्यावरून तुला काही कळणार नाही, ठाऊक आहे मला. माझ्या कामातली चांगली बातमी अशीच असते, काहीही झालं नाही ही. ऑफिसातून लवकर निघाले आणि आता नायगावच्या या फ्लॅटच्या बाल्कनीत बसले आहे. समोर खाडीला ओहोटी लागली आहे. आपली मिठागरं संपून भाताची शेतं सुरू व्हायची तिथे आता टॉवर आहेत, आणि त्यातल्याच एकात तुझी लेक राहते. आज मी खूश आहे. चार जणांना फोन करून सांगितलं, ते ‘अरे वा’ म्हणून मोकळे झाले. तू असतीस तर विचारलं असतंस, नक्की काय केलंस? हा प्रश्न तू शेवटपर्यंत विचारत राहिलीस आणि मी शेवटपर्यंत त्याला वाटाण्याच्या अक्षता लावत राहिले. आज उत्तर देते.

एकदा दिलं होतं म्हणा, तेही वैतागून. पुण्याला पहिली नोकरी लागली तेव्हा तू पोळपाटावरून मान वर न करता विचारलंस की तिथे दिवसभर करतेस तरी काय. मी म्हटलं, चिपमधलं क्लॉक बनवते, क्लॉक म्हणजे घड्याळ. तेवढं पुरलं तुला. आठवड्याभरात अख्ख्या गावाला ठाऊक झालं की हिची पोर घड्याळं बनवते. पुढच्या खेपेला घरी आले तर ओटीवर तीन बंद घड्याळं माझी वाट बघत होती, त्यातलं एक देवळातलं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तर तू डोळ्यांनी दटावलंस. मग काय, सेल बदलून दोन चालू केली आणि तिसरं गुपचूप पिशवीत घालून वसई स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडे नेलं. माझी कीर्ती वाढतच गेली. आणि आपलं स्वयंपाकघरातलं, निळ्या काठाचं, ते तर सारखंच बंद पडायचं. माझे दोन रविवार चुकले की शेजारच्यांच्या फोनवरून तुझा निरोप ठरलेला, “घड्याल बंद परलाय, येऊन बघ.” मी यायचे, स्टुलावर चढायचे, तू खाली स्टूल धरून उभी राहायचीस. घड्याळ लगेच चालू व्हायचं आणि तू वालाच्या शेंगांचं कालवण गरम करायला वळायचीस.

खरं उत्तर माझ्याकडे तेव्हाही होतं, फक्त ते कुठे ठेवलंय ते मला आठवत नव्हतं. ते अंगणात होतं, उखळापाशी. वैशाखातली सकाळ आहे. मिरच्या वाळून कडक झाल्यात, तू चुलीवर धणे भाजून घेतलेत, आपल्या तिघींच्या नाकातोंडाला फडकी बांधलेली. एक उखळ, तीन मुसळं. तू, काकी आणि मी. मला पहिल्यांदाच मुसळ मिळालंय, त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नकोस. तुझं मुसळ पडतं, काकीचं पडतं, मग माझं. मी मनात एक, दोन, तीन मोजते आणि तीनवर टाकते. छान चाललं होतं. मग काकीला शिंक आली, तिचं मुसळ जरा उशिरा खाली आलं, माझे आकडे मात्र थांबले नाहीत. दोन्ही मुसळं एकमेकांवर आपटली, काकीची बोटं चेंगरली आणि तिखट उडून माझ्या डोळ्यांत गेलं. काकी मलाच हसत होती, बोटं तोंडात धरून. तू रांजणाजवळ नेऊन माझे डोळे धुतलेस. मला वाटलं आता मुसळ काढून घेणार. तू ते परत माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, “मोजू नको गो बाय. आयक. तिचा परला का मंग तुजा टाक.”

आता माझं काम ऐक. खाडीच्या बांधाला उघाडी असते ना, भरतीचं पाणी अडवायची आणि ओहोटीला सोडायची, तशी विजेची उघाडी म्हणजे ट्रान्झिस्टर. नखाएवढ्या चिपवर अशा लाखो. त्यांनी पाळीपाळीने उघडायचं असतं. पहिलीची पाळी, मग दुसरीची, मग तिसरीची, की पुन्हा पहिलीची. दोन पाळ्या एकाच वेळी उघड्या राहिल्या तर वीज भलतीकडे पळते आणि सगळं बिघडतं. या पाळ्या लावून देणारं सर्किट मी बनवते. त्यालाच आम्ही क्लॉक म्हणतो. वेळ सांगत नाही ते, पाळी सांगतं.

ही चिप कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रासाठी आहे. गेल्या वर्षी पहिले नमुने आले तेव्हा थंडगार खोलीत झकास चालले, पण जरा तापवले की आवाजात खरखर. उन्हात फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या कानात ती खरखर घालायची कशी? काम माझं होतं, महिने जात होते आणि माझी झोप उडाली होती. शेवटी सापडलं. पहिल्या पाळीला बंद व्हायला सांगितलं की ठरावीक वेळ थांबून मी दुसरी उघडत होते. गरमीत पहिली बंद व्हायला रेंगाळायची, तिच्या पाठीवर उघाड्यांचं ओझं जास्त. माझं थांबणं मात्र तेवढं लांबायचं नाही. दोन्ही पाळ्या एकमेकींवर आपटायच्या. मीटिंगमध्ये पडद्यावर ते चित्र पाहिलं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, मोजू नको, आयक. शेजारी बसलेला चेन्नईचा पोरगा घाबरून म्हणाला, मॅडम, काय झालं? मी त्याला टेबलावर पेनं आपटून तीन मुसळांचा हिशेब समजावला. उपाय काही माझा नाही, पुस्तकात आहे. पहिली पाळी जिथे संपते तिथून एक तार मागे आणायची, आणि ती बंद झाल्याची खबर आल्याशिवाय दुसरीने उघडायचंच नाही. जागा वाचवायला मी ती तार टाळली होती. नव्या चिपमध्ये घातली. आज ती यंत्रात बसवून तापवली, कानाला लावली आणि खरखर नव्हती. नंतर डोळे पुसले, आणि या खेपेला तिखट नव्हतं.

तर हे करते मी, आये. काकीला मागच्या रविवारी सांगून पाहिलं. तिला आता नीट बसवतही नाही, पण मुसळाचं म्हटल्याबरोबर तिने बोटं पुढे करून दाखवली. मग म्हणाली, “म्हंजे घड्यालं नाय बनवत तू?” मी नाही म्हटल्यावर जरा हिरमुसली. मसाला आता आम्ही दोघी कांडप मशीनवरून आणतो. तुझ्या मसाल्याची सर त्याला येत नाही, पण कुणाची बोटं चेंगरत नाहीत एवढं खरं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा मोबाइलमध्येच राहील. एक मात्र राहिलंय. आपल्या निळ्या घड्याळात कधीच काही बिघडलेलं नसायचं. दर वेळी मागचं झाकण उघडलं की सेल उलटा घातलेला असायचा. मी तो सुलटा करायचे आणि उगाच जरा वेळ स्टुलावर उभी राहायचे, कारण खाली तू स्टूल धरलेलं असायचंस. सेल आपोआप उलटा होत नाही, एवढं इलेक्ट्रॉनिक्स मला तेव्हाही येत होतं.