बेबी कुणाकडे

खानापूर, ता. ३ नोव्हेंबर १९३२

आज नवं बिऱ्हाड लागलं. जंगल खात्याची कचेरी हाकेच्या अंतरावर, पुढे ओसरी, मागे परस, परसात पेरूचं झाड. भातकापणी सुरू आहे, साऱ्या गावाला ताज्या पेंढ्याचा वास येतो. बेबीने आल्या आल्या पेरूवर चढून दाखवलं. मथुरा गेल्यापासून पोर इतकी हसली नव्हती. जिथे तिथे तिची आई दिसणारं बेळगावचं घर सोडलं, हे बरंच झालं. स्वयंपाकाला मनुबाई मिळाली. बाई फटकळ आहे, पण बेबीला बघताच मांडीवर घेतलं, "लई वाळलीय गं पोर," म्हणाली आणि दूधभात भरवला. इथल्या हवेने माझा खोकलाही जाईल.

ता. ११

दुपारी जेवायला घरी आलो तर बेबीची वेणी घातलेली. चौपेडी, कानामागून घट्ट ओढून घेतलेली. मथुरा घालायची तशीच. मनुबाईचं कौतुक केलं तर ती म्हणाली, "म्या न्हाय घातली, अण्णा. म्या आत्ता बाजारातनं आलोय की." बेबीला विचारलं. परसात आईने घातली, म्हणाली. एखाद्या शेजारणीचं काम असेल. आईविना पोर काहीबाही खेळ मांडते. मी रागावलो नाही. जेवणही गेलं नाही.

ता. १९

खोकताना रक्त पडलं. डॉक्टरांनी छाती तपासली, क्षय आहे म्हणाले. घरची व्यवस्था लावून ठेवा, असंही सांगितलं.

माझ्यामागे बेबी हुबळीच्या दादाकडे जाईल. त्या घरात मथुरेचे काय हाल झाले ते मी पाहिले आहेत. मरताना माझा हात धरून तिने एवढंच मागितलं, पोरीला तिथे पाठवू नका. बेबी बेळगावला सुनंदाआक्काकडेच राहायला हवी. पण माझी ही बहीण विधवा. दादापुढे तिचं कोण ऐकणार? म्हणून मृत्युपत्र हवं. वकिलाकडे जावं का? गेलो तर दुखणं चारचौघांत होईल आणि नोकरी जाईल. आणि चार ओळी लिहायला वकील कशाला? जन्मभर कचेरीत दुसरं केलं काय मी?

ता. २०

लिहिलं. सही केली. कागद पेटीत ठेवला, कुणालाच दाखवला नाही.

संध्याकाळी बेबी सागरगोटे खेळता खेळता म्हणाली, "आई म्हणते, तो कागद चालायचा नाही."

तिला अजून वाचता येत नाही.

ता. २४

बेबीला ताप. कपाळ पोळतंय आणि हात मात्र गार. मनुबाईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. बेबी परसाच्या दाराकडे बघून बोलते, मधेच थांबून ऐकते. शेवटी मी विचारलं, आई काय म्हणते गं?

"म्हणते, बाबा पण माझ्याकडे येणार. मग तुला कोण सांभाळणार? मीच नेते तुला."

परसाचं दार लावून अडसर घातला. आणि तिथेच बसून रडलो. माझ्या मथूच्या तोंडावर मी दार लावलं —

ता. २५

दार उघडं. अडसर जमिनीवर. बेबी पेरूखाली बसलेली, डोळे मिटलेले, ओठ निळे. केसांतून फणी फिरत होती. आधी नुसती फणी दिसली. मग हात — तोच हात.

भर दुपारी.

मी ओरडलो, "मथू, थांब! वकील आणतो. नीट करतो सगळं. पोर राहू दे!"

फणी थांबली.

स्टेशनवर धावलो, बेळगावला तारा केल्या. आक्काला आणि रघुवीरराव वकिलांना.

ता. २६

वकील सकाळच्या गाडीने आले. माझा कागद पाहून म्हणाले, साक्षीदारांच्या सह्या नाहीत, हा चालायचा नाही. नवा केला. कचेरीतले दोघे साक्षीला आले. त्यांना दुखणं कळलं. कळू दे. मी परसात जाऊन सगळं मोठ्याने वाचलं — बेबीचा सांभाळ आक्काकडे, मथुरेचे दागिने बेबीसाठी आक्काकडे. रघुवीररावांना वाटलं, माझ्या डोक्यात ताप चढला. खोकल्याने शब्द तुटत होते. तरी शेवटपर्यंत वाचलं.

बेबीचे हात उबदार झाले. भूक लागली म्हणाली.

ता. २७

आक्का तिला घेऊन गेली. मी जवळ घेतलं नाही — माझा श्वास तिला नको. ती गाडीतून हात पसरत होती. "बाबा, उचला ना." आक्काने तिचं तोंड पदराखाली घेतलं.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होतो. त्या दोघींशेजारी कुणी नव्हतं. मथू गेली नाही त्यांच्याबरोबर. पोर सुटली.

मग मथू —

मनुबाईला घरी पाठवलं. परसाचं दार मीच उघडलं.

किती वाट पाहिली हिची. आणि आता भीती वाटते. फार —

पाऊल वाजलं. खुर्चीमागे.

खांद्यावर हात. इतका गार —

मागे बघवत नाही. मथू, एवढं सांग — ती रडत गेली. आक्काच्या मांडीवर झोपेल ना —

"झोपली," म्हणते.

म्हणते, आता लेखणी खाली